करंट उतरतो, शिसे कॅथोडजवळच अडकते: विजेने माती साफ करताना नेहमी येणारा बिघाड

मातीत दोन इलेक्ट्रोड रोवायचे (धन टोकाचा अ‍ॅनोड, ऋण टोकाचा कॅथोड), डीसी वीज सोडायची आणि जड धातू ओढून एका टोकाला आणायचे, ही पद्धत कागदावर फार सरळ दिसते. इलेक्ट्रोकायनेटिक म्हणतात तिला. मी अशा मांडण्या, म्हणजे सेल, उभे करून देतो आणि अडलेले सेल मार्गी लावतो. तक्रारी वेगवेगळ्या शब्दांत येतात, पण मूळ बिघाड बहुतेक वेळा एकच निघतो. म्हणून तो सोडवण्याचा माझा क्रम इथे लिहून ठेवतो.

आकडे एका ठराविक मांडणीचे आहेत: २० सेंमी लांबीची, १० बाय १० सेंमी तोंडाची अ‍ॅक्रिलिक पेटी, आत कोरड्या वजनाने साधारण अडीच किलो माती, दोन्ही टोकांना फिल्टर पेपर आणि त्यापलीकडे पाण्याचे कप्पे. सप्लाय २० व्होल्टवर, म्हणजे सेंटिमीटरला एक व्होल्ट. माती शिशाची, जुन्या बॅटऱ्या फोडल्या जातात तशा आवारातली. तुमची पेटी लहान-मोठी असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

लक्षणे

- पहिल्या दिवशी करंट वाढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उतरू लागतो आणि आठवडाभरात सुरुवातीच्या मानाने अगदी थोडा उरतो.
- सप्लाय कॉन्स्टंट करंटवर असेल तर करंट जागच्या जागी दिसतो, पण व्होल्टेज रोज चढत जाऊन मर्यादेला टेकते. हा निराळा बिघाड नव्हे, हाच.
- कॅथोडच्या कप्प्यातल्या पाण्यात शिसे जवळजवळ नाही. माती कापून तपासली तर अ‍ॅनोडकडचा भाग थोडा साफ झालेला, आणि कॅथोडच्या अलीकडच्या तीन-चार सेंटिमीटरांत मूळ मातीपेक्षाही जास्त शिसे.
- कॅथोडकडच्या फिल्टर पेपरवर पांढरे, खरखरीत पुट.
- अ‍ॅनोडकडची माती आक्रसते, तिला भेगा पडतात, त्या कप्प्यातले पाणी घटते.
- कॅथोडच्या कप्प्यात चढणारे पाणी थांबते, क्वचित उलटे वाहू लागते.

ही लक्षणे दिसली की बहुतेक जण पहिल्यांदा व्होल्टेज वाढवतात. कृपया ते करू नका. का, ते तिसऱ्या तपासणीत कळेल. तोवर सप्लायच्या बटणाला हात लावू नका.

आत काय चाललेले असते

अ‍ॅनोडवर पाणी फुटून ऑक्सिजन आणि आम्ल तयार होते, कॅथोडवर हायड्रोजन आणि अल्क. काही दिवसांत अ‍ॅनोडकडचा सामू (पीएच) २ च्या आसपास उतरतो आणि कॅथोडकडचा १० ते १२ पर्यंत चढतो. आम्लाची आघाडी कॅथोडकडे सरकते, अल्काची अ‍ॅनोडकडे. हायड्रोजन आयन हायड्रॉक्सिलच्या पावणेदोनपट चपळ असल्याने दोन्ही आघाड्या बहुधा कॅथोडच्या जवळ भेटतात. आम्लाने मातीच्या कणांवरून सोडवलेले शिसे तिथवर वाहत येते, सामू चढलेल्या पट्ट्यात शिरते आणि हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट होऊन खाली बसते. त्याच पट्ट्यात आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून साधे पाणी होते. आयन उरत नाहीत, आणि आयन नाहीत म्हणजे वीज वाहून नेणारे कोणी नाही. करंट उतरणे आणि शिसे अडकणे ही एकाच पट्ट्याची दोन रूपे आहेत.

कॅथोडवर अल्क तयार होणे ही काही नवी गोष्ट नाही. १९३६ साली पुरी आणि आनंद यांनी क्षारपड जमीन सुधारण्यासाठी तिच्यातून वीज सोडून पाहिली, तेव्हा कॅथोडकडून निघालेल्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइडच मिळाले होते. त्यांना सोडियम बाहेर काढायचे होते, म्हणून त्यांच्या कामात हे अल्क हवेच होते. आपल्याला शिसे काढायचे आहे, म्हणून आपल्या कामात ते आडवे येते.

१. क्लिप, वायर आणि सप्लायचा दिवा

पाच मिनिटांचे, फुकटचे काम. सप्लाय बंद करून दोन्ही क्लिप काढा. अ‍ॅनोडच्या क्लिपवर हिरवट पूड दिसली तर ती तांब्याच्या गंजाची. क्लिप घासून उपयोग नाही, बदला, आणि नवी क्लिप पाण्याच्या पातळीपेक्षा बरीच वर लावा. आम्लाचे शिंतोडे उडून क्लिप खाल्ली जाते, जोडाचा रोध वाढतो आणि करंट उतरल्यासारखा दिसतो. दुसरे नुकसान त्याहून वाईट आहे. क्लिपमधले तांबे मातीत उतरते, आणि तुम्ही तांबेही मोजत असाल तर पुढचे सगळे आकडे बाद होतात.

सप्लायवर सीव्ही (व्होल्टेज कायम) आणि सीसी (करंट कायम) असे दोन दिवे असतात. कोणता लागला आहे ते वहीत लिहा. बऱ्याचदा करंटची मर्यादा चुकून खाली ठेवलेली असते आणि सेलमध्ये काहीच बिघाड नसतो.

वीज गेली आणि परत आली की करंट थोडा वेळ वर उडी मारतो. बिघाड आपोआप बरा झाला असे समजू नका. बंद काळात आयन पसरून तो आयन संपलेला पट्टा थोडा भरतो, इतकेच. काही तासांत करंट पुन्हा खाली येतो. उलट ही उडी दिसली तर दुखणे पट्ट्यातच आहे, वायरीत नाही, अशी खूण समजा.

२. अ‍ॅनोडकडचे पाणी

चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे वीज सोडली की मातीतले पाणी कॅथोडकडे सरकते. रॉइस यांनी मॉस्कोमध्ये १८०९ साली हे दाखवले होते. अ‍ॅनोडकडे भर घातली नाही तर तिकडची माती कोरडी पडते. आपली काळी माती तर सुकताच आक्रसते, भेगा पडतात, आणि भेगेतून वीज जात नाही.

अ‍ॅनोडच्या कप्प्यातली पातळी मातीच्या वरच्या कडेला आहे का ते पाहा. नसेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचे पाणी नको. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुढे कॅथोडवर पांढऱ्या पुटाच्या रूपाने भेटतील, आणि क्लोराइड असेल तर अ‍ॅनोडवर क्लोरीन सुटेल. भेगा पडल्या असतील तर त्या बोटाने लिंपू नका. वरून हळूहळू पाणी देऊन माती फुगू द्या, एक रात्र जाऊ द्या, मगच सप्लाय सुरू करा. पातळी कायम राखणारी उलटी बाटली लावली की हा त्रास सहसा पुन्हा होत नाही.

पाणी उलटे वाहू लागले असेल तर तो गळतीचा दोष नव्हे. सामू खूप उतरला की कणांवरचा भार शून्याकडे जातो, कधी धनही होतो, आणि पाण्याची दिशा पालटते. धातूचे आयन मुख्यतः स्वतःच्या भारामुळे ओढले जातात, पाण्याच्या लोंढ्याने नाही. त्यामुळे एवढ्यावरून घाबरून सेल मोडू नका.

३. व्होल्ट कुठे पडतात ते मोजा

या सगळ्यातली सर्वांत मोलाची तपासणी हीच, आणि तिला फक्त एक मल्टिमीटर लागतो. तरीही ती क्वचितच कोणी केलेली असते.

मातीत दर दोन सेंटिमीटरवर ग्रॅफाइटची बारीक कांडी किंवा स्टेनलेस स्टीलची सुई रोवा. सप्लाय चालू असताना मल्टिमीटरची काळी पिन कॅथोडला लावा आणि लाल पिनने एकेका सुईवरचे व्होल्ट वाचत जा. आकडे लांबीच्या क्रमाने लिहा.

निरोगी सेलमध्ये इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागांवर दोन-तीन व्होल्ट जातात आणि उरलेले मातीत जवळजवळ सारखे वाटले जातात. आजारी सेलमध्ये ही वाटणी मोडते, आणि ती कुठे मोडली यावरून जागा सापडते:

बहुतेक व्होल्ट कॅथोडच्या अलीकडच्या तीन-चार सेंटिमीटरांत पडत असतील तर अल्काचा पट्टा. चौथी तपासणी करा. अ‍ॅनोडच्या लगत पडत असतील तर माती कोरडी आहे, वायूचे बुडबुडे अडकले आहेत किंवा अ‍ॅनोड खराब झाला आहे. दुसरी आणि सहावी पाहा. मधेच कुठे एकदम उडी असेल तर माती भरताना राहिलेली पोकळी, किंवा दोन्ही आघाड्या मध्येच भेटल्या आहेत. ती चुनखडीची माती असण्याची शक्यता मोठी, सातवी पाहा.

आता व्होल्टेज वाढवू नका असे का म्हणालो ते या आकड्यांतच दिसेल. समजा २० पैकी १४ व्होल्ट शेवटच्या चार सेंटिमीटरांत पडत आहेत. मग उरलेल्या सोळा सेंटिमीटर मातीला जेमतेम चार व्होल्ट मिळतात, म्हणजे सेंटिमीटरला पाव व्होल्ट. सप्लाय ४० वर नेला तर वाढीव व्होल्टांतला मोठा वाटा त्याच पट्ट्यात उष्णता होऊन जातो. पट्टा तापतो, सुकतो, त्याचा रोध आणखी वाढतो. शिसे ज्या मातीतून हलायला हवे तिला फारसे काही मिळत नाही.

४. कॅथोडचा सामू, आणि रोज किती आम्ल

सामू मोजायची कागदी पट्टी कॅथोडच्या कप्प्यात बुडवा. १० किंवा वर आला तर बिघाड सापडला. उपाय साधा आहे: कॅथोडवर तयार होणारे अल्क तिथल्या तिथे मारत राहायचे आणि सामू ४ ते ५ च्या दरम्यान धरायचा. अवघड जाते ते प्रमाण. एकदा थोडे आम्ल ओतून लोक मोकळे होतात, दुसऱ्या दिवशी सामू पुन्हा ११ असतो, आणि मग 'आम्लाने काही होत नाही' असा निष्कर्ष निघतो.

हिशोब फॅरडेच्या नियमातून येतो आणि पाठ करून ठेवण्यासारखा आहे. एक मिलिअँपिअर करंट दिवसभर चालला की कॅथोडवर ०.९ मिलिमोल अल्क तयार होते. म्हणजे दर मिलिअँपिअरला, दर दिवशी, १ मोलर आम्ल ०.९ मिली. सेल ५० मिलिअँपिअरवर चालत असेल तर रोज ४५ मिली. ते एकदम न घालता सलाइनच्या नळीने थेंब थेंब सोडले तर सामू उड्या मारत नाही. करंट पुन्हा वाढला की आम्लही त्याच प्रमाणात वाढवायचे. हे विसरले जाते आणि सुधारत असलेला सेल परत बसतो.

कोणते आम्ल, यावर मी ठाम आहे. शिशासाठी अ‍ॅसेटिक आम्ल. लेड अ‍ॅसिटेट पाण्यात छान विरघळते आणि आम्ल मातीत हळूहळू कुजून जाते. सल्फ्युरिक आम्ल कधीही नको, कारण लेड सल्फेट विरघळत नाही. तुम्ही एक अवक्षेप घालवून दुसरा, त्याहून चिवट अवक्षेप तयार कराल. फॉस्फरिकचेही तेच. बाजारात सहज मिळते म्हणून हायड्रोक्लोरिक वापरले जाते, पण त्यातले क्लोराइड सरकत अ‍ॅनोडवर पोचते आणि तिथे क्लोरीन वायू सुटतो. नायट्रिक आम्ल प्रयोगशाळेच्या पेटीत चालेल. उघड्या जमिनीत मात्र नाही, नायट्रेट विहिरीच्या पाण्यात उतरते आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

आम्ल पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी नाही. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे.

आम्ल सुरू केल्यावर करंट लगेच उसळत नाही. आधी बसलेला साका विरघळायला वेळ लागतो. रोज व्होल्टची वाटणी मोजत राहा. शेवटच्या पट्ट्यातली उडी हळूहळू बसकी होत गेली की उपचार लागू पडतो आहे असे समजा. करंटच्या आकड्यापेक्षा ही खूण जास्त भरवशाची, कारण कप्प्यात आम्ल ओतल्याने पाण्याची वाहकता वाढूनही करंट थोडा वर जातो.

५. पांढरे पुट

फिल्टर पेपर बदला, स्वस्त असतो. पुटावर पातळ आम्लाचा थेंब टाकून पाहा: फेस आला तर कॅल्शियम कार्बोनेट, न फसफसता विरघळले तर बहुधा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. फेकण्याआधी पुटाचा नमुना शिशासाठी पाठवा. काही सेलमध्ये 'हरवलेले' शिसे तिथेच सापडते.

६. इलेक्ट्रोड कशाचा आहे

कॅथोडला ग्रॅफाइट किंवा स्टेनलेस स्टील, दोन्ही ठीक. प्रश्न अ‍ॅनोडचा आहे. साधी लोखंडी सळई अ‍ॅनोड म्हणून लावली तर पाणी फुटण्याऐवजी लोखंडच विरघळते. म्हणजे जे आम्ल मातीतून शिसे सोडवणार तेच पुरेसे तयार होत नाही. त्या टोकाची माती तांबूस-गंजकी दिसली तर हे ओळखावे. स्टेनलेस स्टीलही अ‍ॅनोडवर टिकत नाही, विशेषतः क्लोराइड असेल तर, आणि त्यातून क्रोमियम व निकेल मातीत उतरतात. क्रोमियमवर काम करणाऱ्याने तर ते अजिबात लावू नये.

ग्रॅफाइट परवडतो. तोही झिजतो, काळी पूड पाण्यात उतरते, कांडी बोटाने दाबली तर भुसभुशीत लागते. मग बदलायची. लांब चालणाऱ्या कामाला टायटॅनियमवर मिश्र धातू-ऑक्साइडचा लेप दिलेला अ‍ॅनोड घ्यावा. पाइपलाइनींच्या गंजरोधक कामात हेच वापरतात.

७. मातीत चुनखडी किती

इथपर्यंतचे सगळे करूनही आघाडी मध्येच अडते, तेव्हा कारण मातीतच असते. महाराष्ट्रातल्या काळ्या मातीत हे वारंवार दिसते, म्हणून या तपासणीवर जरा थांबतो.

शोधनिबंधांमधले देखणे आकडे पुष्कळदा केओलिनवरचे असतात. केओलिन ही पांढरी, शांत चिकणमाती: चुनखडी नाही, आयन धरून ठेवण्याची ताकद कमी. कोकणातली जांभ्याची माती तिच्या जवळ जाते, आणि तिथल्या मातीचे सेल तुलनेने सुरळीत चालतात. देशावरची काळी माती पूर्ण वेगळी. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे फुगणारे चिकणखनिज, त्यामुळे ही माती शंभर ग्रॅममागे ३० ते ६० मिलिइक्विव्हॅलंट धन आयन धरून ठेवते, आणि वर चुनखडीचे खडे.

वाळलेल्या मातीच्या चिमटीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, पेटीत नव्हे, काचेच्या बशीत. जोरात फसफसली तर पुढे जाण्याआधी मुक्त चुनखडीचा टक्का मृदा-परीक्षण प्रयोगशाळेतून काढून घ्या. ही नेहमीची, स्वस्त तपासणी आहे.

आता हिशोब. चुनखडी ५ टक्के म्हणजे किलोभर मातीत ५० ग्रॅम, अर्धा मोल. तिला मारायला एक मोल आम्ल लागते. तेवढे आम्ल अ‍ॅनोडवर तयार करायला २६.८ अँपिअर-तास वीज हवी. सेल ५० मिलिअँपिअरवर चालतो असे धरले तर एका किलोला २२ दिवस. आपल्या अडीच किलोच्या पेटीला जवळजवळ आठ आठवडे. आणि हे सगळे आम्ल एक थेंब वाया न जाता चुनखडीलाच लागले तर. याउलट त्याच एक किलो मातीत शिसे १००० मिलिग्रॅम असेल तर त्याला लागणारा भार चुनखडीच्या शंभराव्या हिश्शाइतकाही भरत नाही. शिसे काढायला लावलेली वीज आधी चुनखडी विरघळवण्यात जाते.

म्हणून चुनखडी २-३ टक्क्यांच्या वर गेली की केवळ अ‍ॅनोडच्या आम्लावर विसंबून राहणे मी थांबवतो. अशा मातीत शिशाला धरून ठेवणारे द्रव्य घालावे लागते. सायट्रिक आम्ल, म्हणजे दुकानात मिळणारे लिंबूसत, किंवा ईडीटीए. ईडीटीए शिशाला घट्ट धरतो आणि सामू चढलेला असतानाही विरघळलेले ठेवतो, म्हणून चुनखडीच्या मातीत तो उपयोगी पडतो. पण तो मातीत लवकर कुजत नाही आणि शिशाला घेऊन भूजलात उतरू शकतो. बंद पेटीत वापरा. उघड्या जमिनीत स्वतःच्या जबाबदारीवर ओतू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर नवीच तक्रार येते. ईडीटीएला बांधलेल्या शिशावर ऋण भार असतो. ते अ‍ॅनोडकडे जाईल. कॅथोडच्या पाण्यात शिसे शोधत बसू नका.

८. धातू कोणत्या रूपात आहे

दिशेचा घोळ क्रोमियममध्येही होतो. सहा-संयुजी क्रोमियम क्रोमेटच्या रूपात ऋण भाराचे असते आणि अ‍ॅनोडकडे सरकते. तिथले पाणी पिवळे आणि आम्ल वाढल्यावर नारिंगी दिसू लागते. तीन-संयुजी क्रोमियम धन भाराचे, आणि सामू थोडा चढला की बसून जाणारे. एकाच मातीत दोन्ही असतात आणि सेंद्रिय पदार्थ किंवा फेरस लोह भेटले की पहिल्याचे दुसरे होते. क्रोमियमच्या सेलमध्ये फक्त एकूण क्रोमियम मोजून काहीच उलगडत नाही. दोन्ही वेगळे मोजा.

शिसे, जस्त, कॅडमियम यांच्यासाठी टप्प्याटप्प्याने निष्कर्षणाची चाचणी, म्हणजे एकापेक्षा एक तीव्र द्रावणांनी धातू सोडवून पाहणे, करून घ्यावी. टेसियर यांची १९७९ ची पाच टप्प्यांची पद्धत अजूनही सर्रास वापरतात. धातूचा मोठा वाटा शेवटच्या टप्प्यात, खनिजाच्या जाळीत अडकलेला निघाला, तर तो विजेने हलणार नाही. सेल निर्दोष असला तरी नाही. ही चाचणी खर्चिक आहे म्हणून ती इतक्या खाली ठेवली, पण नवे काम सुरू करताना परवडत असेल तर मी ती सर्वांत आधी करायला सांगतो.

९. जमाखर्च जुळतो का

सुरुवातीला मातीत होते तेवढे शिसे शेवटी माती, दोन्ही कप्पे, फिल्टर पेपर आणि इलेक्ट्रोड यांत मिळून सापडले पाहिजे. कॅथोडवर करडा थर चढला असेल तर तेही शिसेच. तो नायट्रिक आम्लात विरघळवून मोजा. दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत आली तर मला आधी नमुना घेण्याच्या पद्धतीवर शंका येते. बॅटरीच्या मातीत शिशाचे बारीक तुकडे असतात आणि एखादा तुकडा नमुन्यात आला की आकडा भलताच वर जातो. माती वाळवून, चाळून, चार भाग करून नमुना घ्या आणि किमान तीन नमुने तपासा.

कुठे थांबायचे

काही गोष्टी दिसल्या तर वरचा क्रम सोडून सप्लाय बंद करायचा आणि जाणकाराला बोलवायचे.

क्लोरीनचा, पोहण्याच्या तलावासारखा पण उग्र वास आला तर खोली रिकामी करा, खिडक्या उघडा. कारण सापडेपर्यंत पुन्हा सुरू करायचे नाही.

काम पेटीतून बाहेर जमिनीवर गेले की हायड्रोजन खेळण्यातला राहत नाही. ५० मिलिअँपिअरचा सेल दिवसाला अर्धा लिटर देतो, पण २० अँपिअरची मांडणी सव्वादोनशे लिटरच्या आसपास. हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. कॅथोडच्या विहिरी ताडपत्रीखाली झाकल्या असतील तर ती ताडपत्री आधी काढा. अशा मांडणीला आम्लही रोज किलोभर शुद्ध अ‍ॅसेटिक लागते. ते साठवणे, मोजून सोडणे हे विद्यार्थ्याने एकट्याने करायचे काम नाही.

६० व्होल्टच्या वरची डीसी, ओली जमीन आणि उघडे इलेक्ट्रोड असे एकत्र आले तर परवानाधारक विद्युत कंत्राटदाराशिवाय पुढे जाऊ नका. जमिनीत पाइप, केबल किंवा इमारतीचा पाया असेल तर तेच. भटका करंट लोखंडात शिरतो आणि बाहेर पडतो त्या जागी ते खाऊन टाकतो. हे वरून दिसत नाही.

जवळ वापरातली विहीर किंवा बोअर असेल तर भूजलतज्ज्ञाने दिशा आणि पातळी तपासल्याशिवाय मातीत आम्ल किंवा ईडीटीए घालू नये. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. अडकलेले शिसे सोडवून ते विहिरीत पोचवणे हे न केलेल्या सफाईपेक्षा वाईट. सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, त्याची माती कोरडी हाताळताना साधा रुमाल पुरत नाही.

कप्प्यांतले पाणी, फिल्टर पेपर, पुट, झिजलेले इलेक्ट्रोड हे सिंकमध्ये किंवा कचऱ्यात जाता कामा नये. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम लागू होतात. झाकणाच्या कॅनमध्ये, नाव-तारीख लिहून जमा करा आणि मान्यताप्राप्त केंद्राकडे द्या. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव इथे अशी केंद्रे आहेत. प्रत्यक्ष दूषित जागेवर काम करायचे असेल तर केंद्र सरकारचे दूषित स्थळांसाठीचे २०२५ चे नियम वाचा आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला आधी कळवा.

आणि एक साधा निकष: सामू आठवडाभर ४ ते ५ मध्ये धरला, अ‍ॅनोड योग्य आहे, चुनखडीचा टक्का हातात आहे, तरी व्होल्टची वाटणी तसूभर बदलत नाही, तर सेल चालवत राहू नका. मातीच्या रसायनावर काम केलेल्या माणसाला दाखवा. जाताना रोजचा करंट आणि व्होल्टेज, सुयांवरचे वाचन, दोन्ही कप्प्यांचा सामू, घातलेल्या आम्लाचे नाव आणि मापे, चुनखडीचा अहवाल आणि मूळ न वापरलेल्या मातीचा किलोभर नमुना सोबत न्या. मूळ माती बऱ्याच जणांकडे उरलेली नसते, म्हणून पेटी भरण्याआधीच ती वेगळ्या डब्यात काढून ठेवा.